अनाथ पानांना वाट करून देताना: माझा अनुभव

शिलाई मशीनची निगा आणि दुरुस्ती या विषयावर मी मराठीतून एक संकेतस्थळ चालवतो. लेखांची संख्या दोनशेच्या पुढे गेली, तरी गूगलवरून येणारे वाचक ठरावीक दहा-बारा लेखांवरच येत होते. आपली पाने गूगल-शोधात कशी दिसतात हे संकेतस्थळाच्या मालकाला दाखवणाऱ्या गूगलच्या ‘सर्च कन्सोल’ या मोफत साधनात पाहिले, तेव्हा साठाहून अधिक पाने ‘डिस्कव्हर्ड – करंटली नॉट इंडेक्स्ड’ या सदरात अडकलेली दिसली. म्हणजे पानाचा पत्ता गूगलला ठाऊक होता, पण ते पान अजून वाचलेच गेले नव्हते, त्यामुळे शोधासाठीच्या त्याच्या अनुक्रमणिकेत (इंडेक्समध्ये) ते नव्हते. साइटमॅप दिला की काम झाले, असे मी धरून चाललो होतो. प्रत्यक्षात साइटमॅप ही पत्त्यांची यादी असते. कोणते पान कशाशी निगडित आहे आणि संकेतस्थळात त्याचे वजन किती, हे बव्हंशी पानापानांतील दुव्यांवरूनच कळते. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८ मध्ये मांडलेल्या पेजरँक या पानांचे महत्त्व ठरवण्याच्या गूगलच्या पद्धतीचा गाभाही हाच होता: एका पानाने दुसऱ्याला दिलेला दुवा म्हणजे त्याच्या बाजूने दिलेला कौल.

मग स्क्रीमिंग फ्रॉग हे साधन वापरले. त्याच्या मोफत आवृत्तीत ५०० पत्त्यांपर्यंतचे संकेतस्थळ तपासता येते, तेवढे मला पुरेसे होते. मुखपृष्ठापासून दुव्यामागून दुवा धरत त्याला जी पाने सापडली, ती साइटमॅपच्या यादीतून वगळल्यावर उरलेली पाने अनाथ होती. त्यांच्याकडे जाणारा एकही दुवा संकेतस्थळावर कुठेच नव्हता. गूगलने रखडवलेली बहुतेक पाने नेमकी हीच निघाली.

पहिला दोष मेनूच्या बांधणीत होता. उपमेनू जावास्क्रिप्टच्या क्लिकवर उघडत असे आणि त्यातील नावांना पत्ता असलेला खरा दुवाच नव्हता. माणसाला बोटाने दाबून पुढे जाता येत होते, पण पाने वाचत फिरणारा गूगलचा बॉट (स्वयंचलित प्रोग्राम) बटणे दाबत बसत नाही. त्याला एचटीएमएलमधील दुव्याची खूण, म्हणजे ‘ए’ टॅग, आणि त्यात पत्ता लिहिलेला ‘एचरेफ’ लागतो. दुसरा दोष मोबाइलवरचा होता. पडदा लहान म्हणून मोबाइलच्या मेनूतून दोन विभाग गाळलेले होते, आणि अनुक्रमणिकेसाठी पानाची मोबाइल आवृत्ती आधार मानण्याचा बदल गूगलने २०२३ मध्ये पूर्ण केलेला असल्यामुळे डेस्कटॉपवरचा भरगच्च मेनू त्या विभागांच्या उपयोगी पडत नव्हता. या दोन्ही दुरुस्त्या एका दिवसात झाल्या.

विभागांच्या नावांना मात्र वेळ लागला. ‘यंत्ररचना’, ‘देखभाल’, ‘इतर’ ही नावे माझ्या वहीतली होती, आणि एकट्या ‘इतर’मध्ये चाळीसएक लेख कोंबलेले होते. लोक शोधताना ‘दोरा तुटतो’, ‘टाके सुटतात’ असे लिहितात, हे सर्च कन्सोलमध्ये स्पष्ट दिसत होते. त्यामुळे ‘दोऱ्याच्या तक्रारी’, ‘टाक्यांच्या तक्रारी’, ‘सुई आणि बॉबिन’, ‘तेलपाणी’ असे विभाग केले आणि प्रत्येकासाठी त्यातील लेखांची थोडक्यात ओळख करून देणारे एक पान लिहिले.

तरीही माझ्या मते खरा फरक पडला तो लेखांच्या आतल्या दुव्यांनी. वरचा दोरा वारंवार का तुटतो, हा माझा सर्वाधिक वाचला जाणारा लेख. त्यात ‘सुई नीट बसली आहे का ते पाहावे’ असे एक वाक्य होते. घरगुती मशीनच्या सुईची सपाट बाजू कोणत्या दिशेला हवी आणि सुई पूर्ण वर गेली आहे हे कसे ओळखावे, यावर माझा स्वतंत्र लेख होता; पण या वाक्यापासून तिथे जायला वाटच नव्हती. जिथे वाचक अडतो तिथेच मी दुवा घातला. दुव्याचे शब्दही बदलले: ‘येथे क्लिक करा’ऐवजी ‘सुईची सपाट बाजू कोणत्या दिशेला ठेवावी’. पुढच्या पानावर काय आहे, हे या शब्दांवरून वाचकालाही कळते आणि गूगललाही. असे एकेक लेख वाचत दुवे घालायला सहा आठवडे लागले.

मध्यंतरी वेळ वाचवण्यासाठी आपोआप दुवे घालणारे एक प्लगइन (संकेतस्थळाला जोडायचा छोटा प्रोग्राम) लावले होते. ‘सुई’ हा शब्द दिसेल तिथे त्याने एकाच पानाचा दुवा घातला. एका परिच्छेदात चार-चार. वाचकाला त्याचा त्रासच होतो, म्हणून दोन दिवसांत ते काढून टाकले. टाके सुटण्यावर जवळपास सारखेच दोन लेख होते, ते एकत्र केले आणि जुन्या पत्त्यावर येणाऱ्याला कायमचे एकत्रित लेखाकडे वळवणारे ‘३०१ पुनर्निर्देशन’ लावले.

दोन-अडीच महिन्यांत रखडलेल्या पानांपैकी बरीचशी गूगलच्या अनुक्रमणिकेत आली आणि त्यातली काही शोधात वरही येऊ लागली. जी नऊ पाने आता ‘क्रॉल्ड – करंटली नॉट इंडेक्स्ड’ या सदरात आहेत, ती गूगलने वाचली, पण अनुक्रमणिकेत घेतलेली नाहीत. मी ती पुन्हा वाचली. त्यातली सहा जेमतेम दीडशे शब्दांची आहेत आणि त्यांत नवे असे काही नाही. ती मोठ्या लेखांत सामावून घेण्याचे आणि उरलेली तीन छायाचित्रांसह नव्याने लिहिण्याचे काम सध्या सुरू आहे.