तुम्ही विचारलंत म्हणून: ड्रोनचा सूर सलग का राहत नाही?

म्युझिक सॉफ्टवेअर शिकणाऱ्यांकडून मला एक प्रश्न सारखा येतो, शब्द वेगळे असतात पण मुद्दा तोच. "गाणंभर मागे एकच सूर चालू ठेवायचाय, ड्रोनसारखा, पण तो मधेच विरतो नाहीतर तुटतो, सलग कसा ठेवायचा?" दरवेळी मी तुकड्यातुकड्यात उत्तर देते आणि दरवेळी काहीतरी राहून जातं, म्हणून एकदाच बसून सगळं लिहितेय.

यावर नेहमी मिळणारा सल्ला म्हणजे "नोट ताणून लांब कर की". तो चूक नाही पण अर्धाच आहे. पियानो रोलमधला (नोटा जिथे काढतो त्या खिडकीतला) तो आडवा पट्टा लांब केला म्हणून आवाज लांब होत नाही. मिडी, म्हणजे वाद्यांनी आणि सॉफ्टवेअरने एकमेकांशी बोलायची भाषा, १९८३ साली आलं तेव्हापासून त्याची रीत हीच: की (कीबोर्डची पट्टी) दाबली की "नोट ऑन" असा निरोप जातो, सोडली की "नोट ऑफ" जातो, आणि मधल्या वेळात "ही नोट अजून चालू आहे" असं कोणी कोणाला सांगत नाही. चार मिनिटांचा पट्टा काढलात तरी इन्स्ट्रुमेंटला निरोप दोनच मिळतात, एक सुरुवातीला आणि एक चार मिनिटांनी, मधे वाजत राहायचं की गप्प बसायचं हे ते इन्स्ट्रुमेंट आपलं आपण ठरवतं. म्हणून सूर थांबला की मी आधी एवढंच बघते की तो नक्की कुठे थांबला, इन्स्ट्रुमेंटच्या आत, निरोपात, की लूपच्या जोडावर. तिन्ही ठिकाणचे उपाय वेगळे आहेत आणि लोक बहुतेक वेळा भलत्याच ठिकाणी शोधत असतात.

इन्स्ट्रुमेंटपासून सुरू करू. पियानो, गिटार, घंटा, जे काही एकदा आघात करून वाजतं ते विरणारच, खऱ्यातही विरतं आणि सॅम्पलमधेही, कारण रेकॉर्डिंगच तेवढं आहे. त्याची की कितीही वेळ दाबून ठेवा. ऑर्गनचं तसं नसतं, हवा येत राहिली आणि की दाबलेली राहिली की सूर राहतो. जर्मनीत हाल्बरश्टाटच्या जुन्या चर्चमधे जॉन केज या अमेरिकन संगीतकाराची एक रचना २००१ पासून चालू आहे आणि ती २६४० पर्यंत चालायची आहे, तिथे ऑर्गनसमोर कोणी बसलेलं नाही, वजनं टांगून नोटा दाबून ठेवल्यात. तर ड्रोनसाठी इन्स्ट्रुमेंट निवडताना प्रश्न एवढाच, हे ऑर्गनच्या जातीचं आहे की घंटेच्या?

सिंथ, म्हणजे आवाज स्वतः तयार करणारं इन्स्ट्रुमेंट, असेल तर ते तुमच्याच हातात असतं. अटॅक (वर येणं), डिके (उतरणं), सस्टेन (टिकणं), रिलीज (सोडल्यावर विरणं) या चार नॉब्सपैकी, ज्यांना मिळून एन्व्हलप म्हणतात, तीन वेळ सांगतात आणि सस्टेन एकटा लेव्हल सांगतो, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं आणि मग "सस्टेन वाढवून पण दहा सेकंदच का वाजतो" असं विचारतात. सस्टेन शून्यावर असेल तर डिके संपला की सूर संपला, विषय संपला. सस्टेन पूर्ण वर घ्या, की दाबलेली आहे तोवर आवाज तिथेच राहील. तरीही विरत असेल तर फिल्टरचं (आवाजाचा काही भाग कापणाऱ्या सोयीचं) एन्व्हलप वेगळं असतं ते बघा, बऱ्याच प्रीसेट्समधे आवाज चालूच असतो, फक्त फिल्टर हळूहळू बंद झालेला असतो आणि आपल्याला वाटतं नोट गेली.

सॅम्पलरमधे, म्हणजे रेकॉर्ड केलेले सूर वाजवणाऱ्या इन्स्ट्रुमेंटमधे, लूप चालू करायचा, की तेवढा तुकडा फिरून फिरून वाजत राहतो. लूपची सुरुवात आघाताच्या पुढे, जिथे आवाज स्थिरावलाय तिथे ठेवायची, आणि क्रॉसफेड द्यायचा, म्हणजे एक टोक विरताना दुसरं वर आणायचं. लूप फार छोटा घेतलात, म्हणजे काही मिलिसेकंदांचा, तर व्हायोलिनचं भोंग्यासारखं काहीतरी होतं, नैसर्गिक हालचाल सगळी निघून जाते. तीन-चार सेकंदांचा घेतलात तर जिवंत राहतो, पण मूळ रेकॉर्डिंगमधे व्हायब्राटो असेल तर तो दर फेरीला त्याच जागी त्याच पद्धतीने हलतो आणि एकदा कानात बसला की जात नाही. ड्रोनसाठी रेकॉर्ड करताना म्हणूनच सरळ, न हलवता वाजवून घेतलेलं बरं.

अजून एक भानगड आहे जी सापडायला त्रास देते. सिंथला एका वेळी वाजवता येणाऱ्या आवाजांची मर्यादा असते, आठ, सोळा, जे काही असेल ते. मर्यादा भरली की बरेच सिंथ सगळ्यात जुनी नोट सोडून देतात, आणि सगळ्यात जुनी नोट कुठली, तर तुमचा ड्रोन! त्याच ट्रॅकवर वर कॉर्ड्स वाजवल्या की खालचा सूर गायब, कॉर्ड्स काढल्या की बरोबर. ड्रोनला नेहमी स्वतःचा वेगळा ट्रॅक आणि वेगळं इन्स्ट्रुमेंट द्या, याला माझ्याकडे अपवाद नाही.

आता निरोपाचा भाग. "पहिल्यापासून प्ले केलं तर सूर येतो, मधून प्ले केलं तर येत नाही" ही तक्रार आली की मला हायसं वाटतं कारण बिघडलेलं काहीच नसतं. नोट ऑन मागेच राहिला, तुम्ही त्याच्या पुढून सुरुवात केलीत, इन्स्ट्रुमेंटला कळणार कसं? यासाठी बहुतेक सॉफ्टवेअरमधे चेस नावाची सोय असते, एबलटन लाइव्हमधे ऑप्शन्स मेनूत चेस मिडी नोट्स आहे, लॉजिकमधे प्रोजेक्टच्या मिडी सेटिंग्जमधे आहे, क्युबेसमधे चेस इव्हेंट्स म्हणतात. ती चालू असली की प्ले दाबल्यावर सॉफ्टवेअर मागे बघून घेतं की कुठल्या नोटा चालू असायला हव्यात आणि त्या नव्याने पाठवतं. नव्याने पाठवतं म्हणजे अटॅकपण नव्याने होतो बरं का, तुमचा अटॅक वीस सेकंदांचा असेल तर मधून सुरू केल्यावर सूर तेवढ्याच सावकाश वर येणार. आणि चेस चालू असूनही पियानोच्या सॅम्पलची नोट मधून सुरू केलीत तर ती मधल्या विरलेल्या अवस्थेत येत नाही, पहिल्यापासून ठण्णकन येते.

सस्टेन पेडलचा उपायपण चालतो. मिडीत तो कंट्रोलर ६४, शून्य ते ६३ म्हणजे पेडल वर, ६४ ते १२७ म्हणजे खाली. ऑटोमेशनमधे सुरुवातीला १२७ टाकलं की नोट ऑफ आला तरी इन्स्ट्रुमेंट नोट सोडत नाही. लाइव्ह वाजवताना हे सोयीचं, एक नोट दाबली, पेडल, हात मोकळा. पण त्याच चॅनलवर पुढे जे वाजवाल तेपण सगळं धरलं जातं आणि गोंधळ होतो, शिवाय स्टॉप केल्यावर नोट अडकून राहिली तर सगळ्या नोटा एकदम बंद करणारं पॅनिकचं बटण शोधत बसायचं. मला स्वतःला ही पद्धत प्रोजेक्टमधे कायमची ठेवायला आवडत नाही. आर्पेजिएटरचं (धरलेल्या नोटा एकामागून एक वाजवणाऱ्या सोयीचं) होल्ड किंवा लॅच बटण त्यापेक्षा स्वच्छ, निदान काय धरलंय ते दिसतं तरी.

चार बारची क्लिप लूपवर टाकली आणि नोट पूर्ण चार बार भरून काढली, तरी दर फेरीला टुक असा जोड ऐकू येतो, हेही बरेच जण विचारतात. क्लिपच्या शेवटी नोट ऑफ, सुरुवातीला परत नोट ऑन, म्हणजे दर चार बारांनी अटॅक होतोच. सगळ्यात सोपं म्हणजे अटॅक आणि रिलीज दोन्ही लांब ठेवा, तीन-चार सेकंद, म्हणजे जुनी नोट जाता जाता नवी वर येते. किंवा दोन ट्रॅक घ्या, दोन्हीवर तोच सूर, पण एकाची नोट संपते तेव्हा दुसऱ्याची ऐन भरात असेल अशा सरकवून ठेवा.

इथे तानपुऱ्याकडे बघा, आपल्या कानांना सलग सूर म्हणून जो सवयीचा आहे तो मुळात सलग नाहीच. चारही तारा छेडल्या की विरायला लागतात, फक्त एक विरायच्या आत पुढची आलेली असते आणि शेवटचीचा नाद असतानाच पहिली परत. कोणीही कुठलीच नोट धरून ठेवलेली नाही. माझं या सगळ्या प्रकरणावरचं मत तिथूनच आलंय, की नोट धरून ठेवायच्या मागे लागू नका, एकावर एक चढवा आणि जोड लपवा.

आता मला सगळ्यात आवडणारा रस्ता, मिडी सोडून ऑडिओ करून टाकणं. तीसेक सेकंदांचा सूर बाउन्स करा, म्हणजे ऑडिओ फाइल म्हणून काढून घ्या. मग त्याचा लूप बनवताना लोक शेवट आणि सुरुवात एकमेकांना जुळवायची खटपट करतात, त्यापेक्षा असं करा: फाइल मधोमध कापा आणि दोन्ही तुकड्यांची अदलाबदल करा, मागचा पुढे आणि पुढचा मागे. आता नव्या फाइलचा शेवट आणि सुरुवात मूळ रेकॉर्डिंगमधे एकमेकांना चिकटलेलेच होते, त्यामुळे लूप फिरताना तिथे खटका येऊच शकत नाही, आणि जो खरा जोड आहे तो मधे आलाय, डोळ्यासमोर, तिथे दोन तुकडे चार-पाच सेकंद एकमेकांवर चढवून आरामात क्रॉसफेड द्या. बाउन्स करताना सुरुवातीचा अटॅक आणि शेवटचा रिलीज कापून टाकायला विसरू नका, नाहीतर मधे खड्डा पडतो.

क्रॉसफेडचा आकारपण बघावा लागतो. भरलेला, हलता पॅड (लांब, मऊ सूर) असेल तर इक्वल पॉवर (मधे दोन्ही बाजू थोड्या वर ठेवणारा वक्र), कारण साधा सरळ रेषेतला क्रॉसफेड दिला तर मधे साधारण ३ डीबी आवाज खचतो. उलट अगदी शुद्ध, न हलणारा टोन असेल आणि दोन्ही बाजू एकाच फेजमधे असतील (दोघांच्या लाटा एकाच वेळी वरखाली होत असतील) तर इक्वल पॉवर दिल्यावर मधे ३ डीबी फुगतो, तिथे सरळ रेषच बरोबर. आणि फेज उलटी पडली तर मधे सूर जवळजवळ नाहीसाच होतो. साइन वेव्हचा लूप करायचाच असेल तर लूपमधे पूर्ण आवर्तनं बसतील अशी लांबी घ्या, ११० हर्ट्झचा सूर बरोबर एका सेकंदात ११० आवर्तनं करतो, तिथे कापलात तर क्रॉसफेडचीही गरज नाही. पण खरं सांगू का, साइनसाठी कशाला लूप करताय, सिंथच चालू ठेवा.

ऑडिओ केल्यावर टाइम स्ट्रेच बंद करा, म्हणजे लाइव्हमधलं वार्प किंवा लॉजिकमधलं फ्लेक्स. ड्रोनमधे ठोके नसतात, सॉफ्टवेअर नसलेले ठोके शोधून त्याला टेम्पोला जुळवायला जातं आणि आवाजात ती खरखर येते.

विरणाऱ्या वाद्याचाच ड्रोन हवा असेल, स्वतःच्या गळ्याचा किंवा गिटारच्या एका तारेचा, तर फ्रीझ बटण असलेला रिव्हर्ब (घुमारा देणारा इफेक्ट) वापरा, सूर आत जाऊ द्या आणि फ्रीझ दाबा, तेवढा तुकडा तिथेच थांबून राहतो. नाहीतर ऑडॅसिटीतलं पॉलस्ट्रेच, फुकट आहे, एका सेकंदाच्या आवाजाचे काही मिनिटं करून देतं, आघात सगळा पुसला जातो आणि धुक्यासारखं काहीतरी शिल्लक राहतं.

एवढं करून सूर सलग झाला की दुसरी तक्रार येते, "सलग आहे पण मेलेला वाटतो". वाटणारच. अजिबात न बदलणारा आवाज काही वेळाने आपण ऐकायचं सोडून देतो. तानपुऱ्यात जवारीमुळे (घोड्याच्या वक्र माथ्यावर तार घासत राहिल्यामुळे) स्वरांश, म्हणजे मूळ सुरात मिसळलेले वरचे सूर, सतत हलत असतात, तो वक्र घोडा आणि तारेखालचा दोरा काय करतो यावर सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली लिहिलं होतं, की तार जिथे छेडून एखादा स्वरांश यायलाच नको तिथेही तो ठणठणीत येतो. सिंथमधे ती हालचाल आपल्याला घालावी लागते. दोन ऑसिलेटर (सिंथमधे सूर तयार करणारे भाग) घ्या, एक ११० हर्ट्झवर आणि एक ११०.५ वर, दर दोन सेकंदांनी आवाज श्वास घेतल्यासारखा वरखाली होईल. मग बाउन्स करताना लूपची लांबी दोन सेकंदांच्या पटीतच ठेवा, नाहीतर हेलकावा मधेच तुटेल. फिल्टरवर खूप सावकाश एलएफओ (नॉब आपोआप वरखाली हलवणारी लाट) लावा, टेम्पोशी न जुळणारा. आणि दोन थर वेगळ्या लांबीच्या लूपवर ठेवा, समजा १७ सेकंद आणि २३ सेकंद, तर दोघांची जोडी परत त्याच जागी यायला ३९१ सेकंद लागतात, साडेसहा मिनिटं, तोवर गाणं संपलेलं असतं. ब्रायन इनो हा इंग्लिश संगीतकार १९७०च्या दशकात हे टेपच्या लूपवर करत होता, आपल्याला निदान टेप कापायला लागत नाही.

सा आणि प दोन्ही ठेवत असाल तर प दोन सेंट (सेंट म्हणजे कीबोर्डवरच्या दोन शेजारच्या पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग) वर घ्या. कीबोर्डचा प शुद्ध पंचमापेक्षा तेवढा उतरलेला असतो, पटकन वाजणाऱ्या कॉर्डमधे कळत नाही पण ड्रोनमधे सा ११० हर्ट्झ असेल तर साधारण पावणेतीन सेकंदांनी एक हेलकावा ऐकू येतो. तो आवडला तर ठेवा, मला कधीकधी आवडतो. गंधार घालणार असाल तर तो मात्र खाली घ्या, जवळजवळ १४ सेंट, कीबोर्डचा गंधार इतका वेळ सलग ऐकवत नाही.

मिक्सिंगचं थोडक्यात: ड्रोनचा खालचा भाग बेसच्या जागेवर बसतो आणि मास्टरवरच्या (सगळे ट्रॅक एकत्र येतात तिथल्या) कंप्रेसरला, म्हणजे मोठा आवाज दाबणाऱ्या इफेक्टला, सतत कामाला लावतो, त्यामुळे खालून कापा, आणि वाटतो त्यापेक्षा कमी आवाजात ठेवा. म्यूट केल्यावर गेला हे कळलं म्हणजे पुरेसा आहे.

तरीही अडलं तर जरूर विचारा, फक्त "सूर तुटतो" एवढंच न लिहिता इन्स्ट्रुमेंट सिंथ आहे की सॅम्पल, किती सेकंदांनी तुटतो, दरवेळी त्याच जागी तुटतो का, आणि त्या ट्रॅकवर अजून काय वाजतंय, हे लिहा. त्याच जागी तुटत असेल तर बहुतेक लूपचा जोड असतो, आणि वर काही वाजवल्यावरच तुटत असेल तर मी वेगळ्या ट्रॅकचंच सांगणार आहे.