पन्नास रुपयांचा गुन्हा

रस्त्यावरच्या कुत्र्याला सळईने मारणे हा गुन्हा आहे, हे मुंबईत बहुतेकांना ऐकून माहीत असते. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचे कलम ११ मारणे, लाथाडणे, उपाशी ठेवणे, पाळलेले जनावर वाऱ्यावर सोडणे असे क्रूरतेचे अनेक प्रकार एकेक करून सांगते. शिक्षा मात्र पहिल्या गुन्ह्याला १० ते ५० रुपये दंड एवढीच. तीन वर्षांच्या आत पुन्हा गुन्हा केला तर २५ ते १०० रुपये दंड, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पन्नास रुपयांत आज दादरला जेमतेम दोन वडापाव येतात.

या रकमेवर सगळेच बोलतात. माझ्या मते खरी मेख कलम ३१ मध्ये आहे. त्यानुसार या कायद्याखालचे मोजकेच गुन्हे दखलपात्र ठरतात आणि साधी मारहाण त्यांत येत नाही. म्हणजे दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपासच करता येत नाही. आमच्या सोसायटीत पार्किंगमध्ये झोपणाऱ्या कुत्रीच्या पाठीवर कोणीतरी उकळते पाणी ओतले, तेव्हा शेजारच्या काकूंबरोबर मी पोलीस ठाण्यात गेले होते. हवालदारसाहेबांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले, जखमेचे फोटो पाहिले आणि एनसीची, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याच्या नोंदीची, प्रत हातात ठेवली. तिच्या शेवटच्या ओळीत लिहिले होते, ‘तक्रारदारास न्यायालयात दाद मागण्याची समज दिली.’ काकू चिडल्या. पण केवळ कलम ११ लावायचे म्हटले तर हवालदारसाहेबांना याहून फारसे काही करता आले नसते.

दुसरा मार्ग भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ चा. जुन्या दंड संहितेत जनावराची किंमत दहा रुपये की पन्नास रुपये यावर शिक्षा ठरत असे. १ जुलै २०२४ पासून ती किंमत गेली आणि कोणत्याही प्राण्याला ठार मारणे, विष घालणे, अपंग किंवा निरुपयोगी करणे याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. शिवाय हा गुन्हा दखलपात्र आहे. तरीही हे कलम आगळिकीच्या, म्हणजे मालमत्तेच्या नुकसानीच्या गुन्ह्यांत बसवलेले आहे. घरच्या लॅब्रॅडॉरचा मालक पुढे येतो, पण गल्लीतल्या कुत्रीच्या बाबतीत नुकसान नेमके कोणाचे झाले, हा बचाव पक्षाचा प्रश्न उरतोच. त्यातच जुने कलम ३७७ नव्या संहितेत आले नाही, त्यामुळे प्राण्यांवरील लैंगिक अत्याचारासाठी आज स्वतंत्र तरतूदच नाही. (सुधारणेच्या नावाखाली असे मागे जाणे मला अजून पटत नाही.) सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या जल्लिकट्टू प्रकरणात प्राण्यांच्या सन्मानाचा विचार केला, तेव्हाच कलम ११ ची शिक्षा संसदेने परिणामकारक करावी, अशी अपेक्षा व्यक्त केली होती.

तोवर भिस्त पुराव्यावर आहे. विषबाधेची शंका असेल तर शवविच्छेदन व्हावे लागते. आपल्याकडे मात्र हळहळून मृतदेह पुरला जातो किंवा महापालिकेची गाडी घेऊन जाते, आणि मग विष सिद्ध करणे जवळपास अशक्य होते. जखमी जनावराला परळच्या बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालयात किंवा जवळच्या पशुवैद्यकाकडे न्यावे आणि अवयव कायमचा निकामी झाला असेल तर तसे प्रमाणपत्रात स्पष्ट लिहून घ्यावे, कारण ‘अपंग करणे’ शब्दांनी नाही, कागदाने सिद्ध होते. लेखी अर्जात कलम ११ बरोबर ३२५ चाही उल्लेख करून पोच घ्यावी. एवढे करूनही एनसीच मिळाली, तर तपासाच्या आदेशासाठी दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. १९६० च्या कायद्याखालचा खटला घटनेपासून तीन महिन्यांच्या आत दाखल व्हावा लागतो, म्हणून हा अर्ज सणवार आटोपल्यावर करू म्हणून ठेवू नये.