आमची वाटचाल : "ताई, जरा हळू" म्हणता यावं म्हणून

आमच्या घरात मालिशीचं काम आईपासून चालत आलं. ती गिरगावातल्या चाळींमधून बाळंतिणींकडे जायची. सव्वा महिना रोज सकाळी बाळाला पायांवर घेऊन न्हाऊमाखू घालायचं, मग बाळंतिणीला तेल लावून, कढत पाण्याने आंघोळ घालून शेक द्यायचा. तिचा हात चांगला म्हणून नाव होतं. मला मात्र तिचं बोलणं जास्त आठवतं. "इथं लागतंय का गं? हात ढिला सोड. अजून ढिला." उत्तर आल्याशिवाय ती पुढे सरकत नसे.

2014 साली मी दादरला दोन खोल्या भाड्याने घेऊन फक्त बायकांसाठी मालिश केंद्र सुरू केलं. तेलाची, टेबलाची सोय लवकर झाली, जागेने मात्र दमवलं. मसाज म्हटलं की समोरच्याच्या कपाळाला आठी पडायची. एका सोसायटीने तोंडावर नकार दिला, दुसरीकडे ठरलेला करार मोडला. शेवटी ज्यांची जागा मिळाली, त्या मालकीणबाईंनी आधी स्वतःच्या पाठीला मालिश करून घेतली आणि मगच किल्ली हातात ठेवली. त्या आजही आमच्याकडे येतात.

येणाऱ्या बहुतेक जणी दादर, माहीम, परळच्या. कोणी लोकलमध्ये उभं राहून कंबर धरलेल्या, कोणी ओट्याशी उभं राहून टाचा दुखणाऱ्या. तोवर मालिश म्हणजे दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला लावलेलं तेल, नाहीतर बाळंतपणातलं चोळणं. उंच टेबलावर, परक्या बाईसमोर झोपायचं म्हटलं की त्या अंग चोरून घेत. लागलं तरी बोलत नसत. दुखल्याशिवाय गुण येत नाही, असंच लहानपणापासून ऐकलेलं. खरं तर सोसण्यापलीकडे दाबलं की स्नायू आवळून धरतो. मग वरून कितीही जोर लावा, मोकळं होण्याऐवजी तो अधिकच अडतो.

म्हणून आमच्या नव्या मुलीला मी पहिल्यांदा पायांची बोटं बघायला शिकवते. गिऱ्हाईक पालथं असतं, चेहरा दिसत नाही. पण जोर जास्त झाला की बोटं आत वळतात, मूठ मिटते, श्वास थांबतो. तेवढं दिसलं की हात तिथेच हलका करायचा आणि विचारायचं, "हळू करू, की बरं वाटतंय?" नुसतं "ठीक आहे ना?" विचारलं तर आपल्या बायका हो म्हणून मोकळ्या होतात. निवडायला दोन गोष्टी दिल्या की खरं उत्तर येतं.

बाकी सोयी एकेक करून लागल्या. पालथं झोपल्यावर घोट्यांखाली गुंडाळलेला टॉवेल हवाच. नाहीतर पाऊल ताणून सरळ होतं, घोट्याची पुढची बाजू ओढली जाते आणि तो ताण कमरेपर्यंत जाणवतो. उताणं झोपल्यावर तोच टॉवेल गुडघ्यांखाली, म्हणजे कमरेची कमान सैल पडते. पालथं झोपल्यावर चेहरा टेकवायच्या टेबलाच्या गोल कडीवर रोज धुतलेला मऊ कपडा असतो. सर्दी असेल तर पालथं ठेवतच नाही, नाक चोंदून जीव गुदमरतो. गरोदर बाई आली तर कुशीवर, पुढे-मागे उशा लावून, आणि तेही तिच्या डॉक्टरांनी हो म्हटलं असेल तरच. अंगावर दूध असलेल्या आईला पालथं झोपणं नको वाटतं. तिची पाठ आम्ही खुर्चीवर बसवून, पुढे टेबलावर डोकं टेकवून करतो.

कपड्यांचा संकोच मोठा असतो, आणि तो योग्यच आहे. आमच्याकडे मागून बंदाने बांधायचे सुती गाऊन आहेत. ज्या अंगावर काम चालू तेवढंच उघडं, बाकी चादरीखाली. कोणाला आंघोळीसारखा परकर छातीवर बांधून बरं वाटतं, तर तसं. मंगळसूत्र काढायचं नसेल तर मान बाजूला ठेवून काम करतो. त्यावरून कोणाला अवघडल्यासारखं होऊ देत नाही.

मुंबईच्या उकाड्यात येणारी प्रत्येक जण आधी एसी वाढवायला सांगते. पण निश्चल पडलेलं, तेल लावलेलं उघडं अंग थोड्या वेळात गार पडतं आणि खांदे पुन्हा वर चढतात. म्हणून एसी बेताचा, पंख्याचा झोत अंगावर नाही, चादर हाताशी. तेलाची वाटी गरम पाण्यात ठेवून कोमट करायची आणि आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघायची. इथल्या दमट हवेत तेल फार लागत नाही. जास्त झालं तर नुसतं चिकटतं.

पोटात गुडगुड झाली की बायका ओशाळतात. शरीर सैलावलं की आतडी कामाला लागतात, हे आम्ही आधीच सांगून टाकतो. घोरणं लागलं तर उठवत नाही. जेवून लगेच मात्र येऊ नये, दीड-दोन तास जाऊ द्यावेत. अजीर्ण असताना अभ्यंग टाळावं हे वाग्भटानेही अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या ग्रंथात सांगून ठेवलं आहे. ताप असेल, किंवा एकाच पोटरीला सूज येऊन ती दुखत असेल, तर आम्ही हात लावत नाही, आधी डॉक्टरकडे पाठवतो. अशा पोटरीत शिरेत रक्ताची गुठळी असू शकते आणि चोळल्याने ती सुटण्याचा धोका असतो. यावरून काही जणी रागावून गेल्या. तरी हा नियम आम्ही सोडलेला नाही.

उठतानाही घाई नको. बराच वेळ आडवं राहून एकदम उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते, बीपीच्या गोळ्या घेणाऱ्यांना तर विशेष. आधी कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे, थोडं बसायचं. तोवर आमची मुलगी तळवे कोरड्या टॉवेलने पुसते, कारण तेलकट पाय लादीवर हमखास घसरतात.

2020 च्या टाळेबंदीत दार बंद झालं. भाडं थकलं, दोघी मुली गावी गेल्या. एकमेकींना शिकवलेलं हे काम टिकावं एवढीच तेव्हा इच्छा होती. त्यातली एक परत आली आणि आता नव्यांना तीही शिकवते. तिच्या हाताखाली शिकणारीला आधी स्वतः टेबलावर झोपावं लागतं, घोट्याखालच्या टॉवेलसह आणि त्याशिवायही.

हल्ली आजींकडे घरी जाण्याचं काम वाढलंय. घडीचं टेबल लिफ्टमध्ये मावतं, पण ज्यांना त्यावर चढता येत नाही त्यांच्यासाठी त्यांचाच पलंग नाहीतर खुर्ची वापरतो. फोनवर वेळ ठरवताना गुडघा वाकतो का, कुठल्या कुशीवर झोप लागते आणि कुठली गोळी चालू आहे, हे विचारूनच आम्ही निघतो.