घड्याळांच्या गावात, आजोबांच्या फेवर ल्यूबासह

स्वित्झर्लंडमधल्या न्यूशातेलहून सुटलेली गाडी चढ चढत शांब्रेलियँ नावाच्या छोट्या स्टेशनात शिरते आणि तिथून चक्क उलटी निघते. क्षणभर वाटलं, चुकीच्या गाडीत बसलो. पण ती घाटाची सोय आहे. बोरघाटातल्या जुन्या रिव्हर्सिंग स्टेशनच्या गोष्टी ऐकल्या होत्या, इथे त्याच प्रकाराचा प्रत्यक्ष प्रवास झाला. वर ला शो-द-फों, उंची साधारण १००० मीटर. एप्रिल संपत आला तरी भिंतींच्या सावलीला बर्फाचे मळकट ढीग होते.

मनगटावर आजोबांचं फेवर ल्यूबा. मी किल्ली देतो ती आठवेल तेव्हा. ते आंघोळ झाली की पहिलं काम तेच करायचे. हे घड्याळ ‘मुंबईचं’ अशीच आमच्या घरात समजूत. खरं तर ही पेढी १८६५ पासून हिंदुस्थानात धंदा करत होती आणि तिचं मूळ इथून आठ किलोमीटरवरच्या ल लोक्लमध्ये, १७३७ सालचं. म्हणून हा आडवाटेचा प्रवास.

ला शो-द-फों सुंदर नाही, हे आधीच सांगतो. १७९४ च्या आगीत गाव जळलं आणि नंतर पट्टीने आखल्यासारखं उभं राहिलं. समांतर रस्ते, लांबलचक चाळवजा इमारती, खिडक्याच खिडक्या. त्या खिडक्यांतच सगळं आहे. बाकाशी बसून डोळ्याला भिंग लावणाऱ्या माणसाला उजेड हवा, म्हणून घरांच्या रांगा उन्हाकडे तोंड करून, मध्ये मोकळी जागा सोडून बांधलेल्या. एका घरात चक्रं कापायची, दुसऱ्यात काटे घासायचे, तिसऱ्यात डायलवर मीनाकाम. तुकडे घरोघर फिरत आणि शेवटी कुणीतरी ते जुळवून किल्ली देई. मार्क्सने या अख्ख्या गावाला एकच घड्याळ-कारखाना म्हटलं होतं. ‘हे घड्याळ कुणी बनवलं’ या प्रश्नाला इथे एका माणसाचं नाव मिळणं अवघड. चंदीगडचा वास्तुशिल्पी ल कॉर्बुझिए याच गावचा. वडील डायलवर मीनाकाम करायचे आणि तो स्वतः घड्याळांच्या डब्यांवरचं कोरीवकाम शिकला. चंदीगडचा चौकटीचा नकाशा आठवला. संबंध जोडण्याचं धाडस मी करत नाही.

घड्याळांचं संग्रहालय जमिनीखाली आहे. आत शिरताच चारी बाजूंनी टिकटिक. दुरुस्तीची कार्यशाळा काचेआड, बघत उभं राहता येतं. एक बाई चिमट्याने बॅलन्स व्हील उचलत होती, त्याखाली केसाएवढी बारीक स्प्रिंग थरथरत होती. किल्लीने गुंडाळलेली मोठी कमान उलगडते, चक्रांना जोर देते आणि ते चाक मागे-पुढे झुलत तो जोर तुकड्यातुकड्याने सोडतं. जुन्या घड्याळात सेकंदाला पाच ठोके, म्हणजे दिवसाला ४,३२,०००. मी किती वेळ उभा होतो कुणास ठाऊक.

दुसऱ्या दिवशी ल लोक्ल. इथली मला आवडलेली गोष्ट शार्ल व्हर्मोची. डिसेंबर १९६९ मध्ये जपानचं बॅटरीवर चालणारं क्वार्ट्झ घड्याळ बाजारात आलं आणि या डोंगरातले कारखाने धडाधड बंद पडू लागले. १९७५ मध्ये इथल्या झेनिथ या घड्याळ कंपनीच्या अमेरिकन मालकांनी यांत्रिक घड्याळं बंद करायचं ठरवलं. व्हर्मो तिथला कारागीर. त्याने हुकूम न जुमानता ‘एल प्रिमेरो’ या घड्याळ-यंत्राची अवजारं, साचे, नोंदी गुपचूप माळ्यावर नेऊन लपवल्या. १९८० च्या दशकात त्या यंत्राला पुन्हा मागणी आली, तेव्हा उत्पादन सुरू झालं ते त्या माळ्याच्या जिवावर. माळ्यावर सामान टाकणाऱ्या आमच्या घरच्या मंडळींना मी आता काही बोलणार नाही.

फेवर ल्यूबाची खूण मला गावात कुठे दिसली नाही. शोधण्यात उशीर झाला, तरी घड्याळ बघून निवांत चालत स्टेशनात आलो. गाडी समोरून निघून गेली. आजोबांचं घड्याळ चार मिनिटं मागे होतं.

मग पुढच्या गाडीपर्यंत बाकावर बसून फलाटावरचं घड्याळ बघत राहिलो. त्याचा लाल सेकंदकाटा साडेअठ्ठावन्न सेकंदांतच फेरी पुरी करतो, बारावर थांबतो आणि नव्या मिनिटाचा इशारा आला की मगच सुटतो. माझं फेवर ल्यूबा कुठेच थांबत नव्हतं. चार मिनिटं मागून, पण चालत होतं.