पितळेचं आहे म्हणून ओरिजनल?

जुन्या गाडीचा चकचकीत भाग विकताना इंदूरचा विक्रेता आधी तो हातात तोलायला लावतो. "उठा के देखो दीदी, ठोस पीतल है. एकदम ओरिजनल." घेणारा हात खाली-वर करतो आणि पैसे मोजतो. माझं माहेर कासारांचं. कसेरा बाजारात आजोबांचं भांड्यांचं दुकान होतं आणि पितळेवर माझा जीव आहे. म्हणूनच मला हे वाक्य ऐकवत नाही. कितीतरी गाड्यांच्या बाबतीत भाग पितळेचा निघाला, की तो नंतर कुणीतरी ओतलेला असल्याची शंका तिथेच घ्यायला हवी.

आधी गाडीचा काळ बघावा. 1920च्या दशकात बराच काळ गाड्यांची चकाकी निकेलची होती. निकेलची झाक पिवळट, क्रोमची निळसर. उजेडात शेजारी-शेजारी धरली की फरक लगेच कळतो. क्रोम आलं ते त्या दशकाच्या अखेरीस. त्यामुळे 1922च्या गाडीच्या दिव्याची कड निळसर चमकत असेल, तर तो मुलामा मागाहून चढलाय. त्या गाड्यांना मुलाम्याखाली पितळ शोभतं, तिथे ते बरोबरच आहे. पुढे 1929मध्ये अमेरिकेतल्या न्यू जर्सी झिंक कंपनीनं जस्ताचा झमॅक हा मिश्रधातू आणला. ब्रिटनमध्ये त्याला मझाक म्हणतात. तो 380-390 अंश सेल्सिअसलाच वितळतो. पोलादी साच्यात दाबानं भरला की अक्षरं, नक्षी, मागचे खुंट, सगळं एकदम तयार होऊन बाहेर येतं. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या गाड्यांची हँडलं, बॅज, दिव्यांच्या कडा यांत हेच जस्त भरपूर वापरलेलं आहे.

रामबागेतले एक काका जुनी ऑस्टिन ए40 दुरुस्त करून पुन्हा उभी करताहेत. ही गाडी मद्रासजवळ एन्नोरला अशोक मोटर्समध्ये जुळवली जायची. काका डिक्कीची दोन हँडलं घेऊन आले. एकावर बारीक बारीक फोड आलेले, रंग उडालेला. दुसरं झगझगीत आणि चांगलं जड. फोडवालं भंगारात द्यायचं त्यांनी जवळजवळ ठरवलं होतं. मी दोन्ही उलटी केली. ओळखायची जागा ती. पुढची बाजू कुठलाही पॉलिशवाला चमकवून देतो, मागची कुणी सहसा घासत नाही.

फोडवाल्याची पाठ गुळगुळीत होती. तिच्यावर लहान लहान गोल ठसे होते. साच्यातून भाग ढकलून काढणाऱ्या पिनांच्या त्या खुणा. आकडे उठावदार, कडा धारदार. कोपऱ्यात सुईनं हलकं खरवडलं तर करडं-पांढरं जस्त दिसलं. मुळात हे फोडच जस्ताची ओळख आहेत: मुलाम्याच्या सूक्ष्म छिद्रांतून ओल आत शिरते आणि खालचं जस्त फुगून वर येतं. जड हँडलाची पाठ मात्र रवाळ, वाळूत ओतलेली. आकडे वापरलेल्या साबणावरच्या अक्षरांसारखे बोथट.

मग बारीक मापं घ्यायचं व्हर्निअर काढलं. पितळ थंड होताना साधारण दीड टक्का आकसतं. मूळ भागच वाळूत दाबून साचा घेतला, तर नक्कल तेवढी लहान निघते. फूटभर लांबीला साडेचार मिलिमीटर म्हणजे थोडा फरक नव्हे. खुंटांमधलं अंतर पितळेच्या हँडलात कमी भरलं. "तरीच मेकॅनिकनं पत्र्याची भोकं घासून मोठी केली होती," काका म्हणाले. चांगला कारागीर आकसणं धरून साचा मोठा करतो, त्यामुळे माप जुळलं तरी हुरळून जाऊ नये. चुकलं तर मात्र निकाल लागला.

चुंबकाबद्दल थोडक्यात. तो चिकटला म्हणजे साधं लोखंडच, असं नाही. खिडकीखालच्या स्टेनलेसच्या पट्ट्या 430 जातीच्या असल्या तर चिकटतो, 304च्या असल्या तर सहसा नाही. चुंबकावरून चांगली पट्टी फेकू नका.

अँबॅसिडरवाल्यांनी धातूच्या आधी गाडीच्या तोंडावरची जाळी बघावी. 1962च्या मार्क 2ची जाळी बारीक चौकटींची, 1975च्या मार्क 3ची आडव्या पट्ट्यांची, 1979च्या मार्क 4ची आकारानं लहान पण चौकोन मोठे. इंदूरच्या छोटी ग्वालटोलीच्या बाजारात सगळ्या 'अँबॅसिडरची जाळी' म्हणूनच मिळतात. अस्सल असूनही ती तुमच्या गाडीची नसू शकते.

आट्यांकडे लक्ष देणारे कमी भेटतात आणि मला त्याचं वाईट वाटतं, कारण नट-बोल्ट फार बोलतात. त्या काळच्या ब्रिटिश भागांवर लहान खुंटांना बीए (ब्रिटिश असोसिएशन) मापाचे आटे असायचे. 0 बीए म्हणजे 6 मिलिमीटर व्यास आणि 1 मिलिमीटर पिच (दोन आट्यांमधलं अंतर), म्हणून आजचा एम6, म्हणजे 6 मिलिमीटरचा मेट्रिक नट त्यावर चढल्यासारखा वाटतो. पण आट्याचा कोन वेगळा: बीएचा साडेसत्तेचाळीस अंश, मेट्रिकचा साठ. अशा भागावर कोरे मेट्रिक आटे दिसले की विचारा. ऑर्डर देऊन बॉडी बांधलेल्या गाड्यांना मात्र हा नियम सरसकट लावता येत नाही. आमच्या इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांच्या ड्यूझनबर्ग गाडीची चॅसी, म्हणजे खालचा सांगाडा, अमेरिकेतल्या इंडियानापोलिसची आणि बॉडी लंडनच्या गर्नी नटिंगनं बांधलेली. अशा गाडीवर दोन देशांचे आटे निघाले म्हणून कुणी लगेच नक्कल ठरवू नये.

भाग अस्सल निघाला तर प्लेटिंगला देण्याआधी पाठीचे फोटो काढा, आकडे वहीत लिहा. बफवर, म्हणजे पॉलिशच्या फिरत्या चाकावर, जोर पडला की अक्षरं कायमची जातात. प्लेटिंगवाल्याला हे जस्त आहे असं स्पष्ट सांगा: आधी सायनाइड बाथमधला तांब्याचा पातळ थर, मग निकेल, मग क्रोम. सरळ ॲसिडच्या तांब्याच्या बाथमध्ये सोडलं तर भागच खाल्ला जातो. तुटलेला खुंट पितळेचा समजून गॅसवर जोडायला घेतला, तर अख्खं हँडल वितळून खाली पडेल. ॲल्युमिनियमची ॲनोडाइज केलेली पट्टी कॉस्टिक सोड्यात बुडवायची नाही. आणि फोड थोडेच असतील, तर माझं स्पष्ट मत आहे, तो भाग तसाच गाडीला लावा.