मरांट्झ गेला, यामाहा आला, आणि कारण फक्त एक नॉब

स्पीकर वाजवणारा माझा मरांट्झचा अ‍ॅम्प (अ‍ॅम्प्लिफायर) काढून यामाहाचा घेतला म्हटलं की समोरच्याचा पहिला प्रश्न ठरलेला, आवाजात फरक किती पडला? माझं उत्तर कोणालाच आवडत नाही. दुपारी, घरात सगळे जागे, आवाज बऱ्यापैकी मोठा, तेव्हा फरक जवळपास शून्य. रात्री साडेदहाला, आई बाजूच्या खोलीत झोपलेली असताना, इतका फरक की आता परत जाणं नाही. ही दोन्ही उत्तरं एकदमच कशी खरी ते एकदा लिहूनच टाकतो, कारण दर वेळी नागपुरातल्या बर्डीत चहाच्या ठेल्यावर उभं राहून समजावून सांगायचा कंटाळा आलाय.

जुना म्हणजे मरांट्झ पीएम ६००६, ८ ओहमच्या स्पीकरला ४५ वॅट. नवा यामाहा ए-एस ५०१, ८ ओहमला ८५ वॅट. बाकी सगळं तेच, तेच बुकशेल्फ स्पीकर, तोच सीडी प्लेयर, टीव्हीची तीच ऑप्टिकल वायर. मरांट्झमध्ये काही बिघाड नव्हता हे आधीच सांगतो, नाहीतर लोक लगेच म्हणतात, बघ, मी म्हणत होतो ना.

धरमपेठचा एक जुना मित्र आहे माझा, त्याला या नादाचं वेड माझ्याहून जास्त. त्याला फोन केला तर म्हणे, "काहून बदलवला बे? चांगला तर वाजून राहिला होता." आणि पुढच्याच वाक्याला, "पण ४५ चे ८५ झाले म्हणजे आवाज डबल झाला असेल ना?"

नाही झाला. वॅटचं गणित कानाला सरळ कळत नाही, ते लॉगमध्ये, म्हणजे पटींच्या हिशोबात चालतं. ४५ वरून ८५ म्हणजे जेमतेम पावणेतीन डेसिबल (आवाज मोजायचं माप). पॉवर दुप्पट केली की ३ डेसिबल वाढतात, आणि कानाला आवाज "दुप्पट" वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे पॉवर दहापट. ४५ वॅटच्या अ‍ॅम्पचा आवाज खरोखर डबल करायचा तर ४५० वॅटचा अ‍ॅम्प आणावा लागेल, आणि मग स्पीकरपण नवे आणि शेजारीपण नवे. आमच्या हॉलमध्ये रोजचं ऐकणं एक-दोन वॅटातच भागतं. माझ्या स्पीकरच्या पुस्तिकेत सेन्सिटिव्हिटी ८८ डीबी दिली आहे, म्हणजे एका वॅटला एक मीटरवर ८८ डेसिबल, आणि ८८ डेसिबल सतत म्हणजे आमच्या घरात भांडण. जास्तीचे वॅट उपयोगी पडतात ते तबल्याची एखादी जोरदार थाप किंवा ड्रमचा फटका अचानक येतो तेव्हा, तेवढ्या क्षणापुरते.

मग नवा अ‍ॅम्प लावल्या लावल्या सगळ्यांना "वा, काय दम आहे" असं का वाटतं? एक कारण अगदी साधं आहे, नॉब. प्रत्येक कंपनीचा गेन, म्हणजे आलेला सिग्नल किती पट वाढवायचा ते, वेगळा असतो, एकाचा नॉब नऊ वाजता असेल तेव्हा जितका आवाज, तितका दुसऱ्याचा साडेदहाला. जुन्याची सवय असलेला माणूस नव्यावरही हात तिथेच नेऊन ठेवतो आणि आवाज दोन डेसिबलने जास्त निघतो. आणि दोन डेसिबल जास्त असलं की कानाला ते "मोठं" नाही वाटत, "चांगलं" वाटतं. जास्त खुलं, जास्त जिवंत, स्टेज मोठं, वगैरे वगैरे. दुकानातले अर्धे डेमो यावरच चालतात असं माझं स्पष्ट मत आहे.

त्यात ब्रँडच्या गोष्टी. मरांट्झ म्हणजे सॉल मरांट्झ, १९५३ मध्ये न्यूयॉर्कला सुरुवात, सोनेरी पॅनल, "वॉर्म" आवाज. यामाहा म्हणजे १८८७ पासून, तोराकुसू यामाहाने एक बिघडलेला रीड ऑर्गन दुरुस्त केला तिथून सुरू, लोगोत आजही तीन ट्यूनिंग फोर्क, वाद्यं बनवणारी कंपनी म्हणून आवाज "नॅचरल". हे सगळं वाचून माणूस ऐकायला बसतो, आणि सोनेरी पॅनलकडे बघत बघत त्याला गाणं गोड लागतं. लागू दे, पैसे त्याचेच आहेत. पण मला खात्री करायची होती.

म्हणून एका रविवारी मित्राला बोलावलं आणि मीटर घेऊन बसलो. पद्धत सोपी आहे, कोणालाही करता येते. टेस्ट टोन, म्हणजे एकच सलग सूर, वाजवायचा, स्पीकरच्या टर्मिनलवर मल्टिमीटरने एसी व्होल्टेज मोजायचं, दुसऱ्या अ‍ॅम्पवर नॉब इतका फिरवायचा की तेच व्होल्टेज आलं पाहिजे. टोन १०० हर्ट्झच्या आसपासचा घ्या, कारण स्वस्तातले मीटर घरच्या ५० हर्ट्झच्या लाइनसाठी बनवलेले असतात, वरच्या फ्रिक्वेन्सीला ते काहीही दाखवतात. बास, ट्रेबल, लाउडनेस सगळं बंद, त्यासाठी एकावर सोर्स डायरेक्ट, दुसऱ्यावर प्युअर डायरेक्ट नावाचं बटण असतं, ते दाबायचं. आणि हे लक्षात ठेवा, दोन अ‍ॅम्प एकाच स्पीकरला एकाच वेळी जोडायचे नाहीत, एकाचं आउटपुट दुसऱ्यात घुसतं आणि मग खरोखरचा धूर निघतो. अ‍ॅम्प बंद करा, वायरी बदला, मग चालू करा. कंटाळवाणं आहे, पण चहा चालू ठेवला तर जमतं.

आळीपाळीने एक जण वायरी बदलायचा आणि दुसरा पाठ करून ऐकायचा. मित्राने तर आधीच सांगून टाकलं होतं की यामाहाचा ट्रेबल कोरडा असतो, मी डोळे मिटून ओळखेन. नाही ओळखता आला. मलाही नाही. दोघांचेही अंदाज टॉस उडवल्यासारखे. दोन्ही साधे ट्रान्झिस्टरचे, क्लास एबी या नेहमीच्या प्रकारातले अ‍ॅम्प, दोन्हींची फ्रिक्वेन्सी सपाट म्हणजे खालचे-वरचे सगळे सूर सारखेच वाढवणारे, डिस्टॉर्शन (आवाजाची मोडतोड) कानाला कळणार नाही इतकं कमी, आणि दोघांपैकी कोणावरही जोर पडत नव्हता. मग फरक येणार कुठून? व्हॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या नळ्यांचा अ‍ॅम्प असता तर गोष्ट वेगळी, त्याचा आउटपुट इम्पिडन्स (बाहेर पडतानाचा अंतर्गत अडथळा) जास्त असतो आणि स्पीकरप्रमाणे त्याचा आवाज खरंच बदलतो. किंवा स्पीकर तीन ओहमपर्यंत खाली जाणारे, मोठ्या हॉलमध्ये, जोरात, तर छोटा अ‍ॅम्प दमतो. माझ्या घरात यातलं काहीच नाही.

मित्र जरा नाराज झाला. "मग बदलवला काहून?" परत तेच.

त्या नॉबसाठी.

यामाहाच्या पुढच्या पॅनलवर बास, ट्रेबल, बॅलन्स यांच्या रांगेत लाउडनेस नावाचा एक नॉब आहे. बटण नाही, नॉब. सत्तरच्या दशकापासून ही कंपनी तो देत आलीय. मरांट्झवर लाउडनेसचं बटण होतं, दाबलं की चालू, परत दाबलं की बंद, मधलं काही नाही.

लाउडनेस लागतोच कशाला, तर आपला कान मुळात कमी आवाजात बासकडे दुर्लक्ष करतो. बेल लॅबमध्ये फ्लेचर आणि मनसन या दोघांनी १९३३ मध्ये हे मोजून कर्व्ह काढले, पुढे सुधारत सुधारत त्याचं आयएसओ २२६ हे आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड झालं. त्यातला एकच आकडा बघा: १ किलोहर्ट्झचा सूर ४० डेसिबलला जितका मोठा वाटतो, तितकाच मोठा ५० हर्ट्झचा सूर वाटायला जवळपास ७८ डेसिबल लागतात. पण आवाज मोठा असेल तेव्हा ही दरी कमी होते, ८० ला साधारण १०२ पुरतात. म्हणजे ८० चं गाणं ४० वर आणलं, तर मधल्या सुरांसाठी ४० डेसिबल कमी करायचे पण खालच्या सुरांसाठी फक्त २४. आपण व्हॉल्यूम फिरवतो तेव्हा सगळंच सरसकट ४० ने खाली जातं. बास १६ डेसिबल जादा कापला गेला. संपला विषय.

हे आपल्या गाण्यात फार जाणवतं. मी रात्री ऐकतो ते बहुतेक वसंतराव देशपांडे. जन्म मूर्तिजापूरचा, पण गाणं सुरुवातीला शिकले ते आमच्या नागपुरात, सिव्हिल लाइन्समध्ये त्यांच्या नावाचं सभागृह आहे, त्यामुळे जरा घरचा माणूस. तर आवाज कमी केला की वसंतरावांची फिरत ऐकू येते, पेटी ऐकू येते, तबल्याची चाट टक् टक् येते, आणि डग्गा गायब. तानपुऱ्याचा खर्ज गायब. ज्याच्या आधारावर सगळं उभं आहे तेच काढून घेतलेलं. मरांट्झचं बटण दाबलं तर डग्गा यायचा, पण तो एका ठरावीक व्हॉल्यूमलाच बरोबर बसायचा, त्याहून मोठ्याला ढबढब आणि त्याहून लहानाला अपुरा. शिवाय सीडी प्लेयरचं आउटपुट २ व्होल्टचं, अ‍ॅम्पला तर पूर्ण जोरात वाजायला दोन-तीनशे मिलिव्होल्टच पुरतात, त्यामुळे नॉब जरा हलला की आवाज भलता वाढतो. तिथे ठरावीक करेक्शनचा अंदाज लागायचा कसा.

यामाहाची पद्धत उलटी आहे, आणि पुस्तिका न वाचता बरेच जण ती चुकीची वापरतात. आधी लाउडनेस फ्लॅटवर ठेवायचा. मग व्हॉल्यूम तुम्ही जास्तीत जास्त जितक्या मोठ्याने ऐकता तिथपर्यंत न्यायचा. आता व्हॉल्यूमला हात लावायचा नाही, लाउडनेसचा नॉब फिरवून आवाज कमी करायचा. तो मधले सूर कापत जातो, १ किलोहर्ट्झला शेवटपर्यंत ३० डेसिबल, आणि खालचे-वरचे सूर त्यामानाने राहू देतो. म्हणजे हा बास वाढवणारा नॉबच नाही, मध्य कमी करणारा आहे. प्युअर डायरेक्ट चालू असेल तर यातलं काहीच चालत नाही, ते आधी बंद करा. आणि रिमोटवर लाउडनेस नाही, उठून जावं लागतं, हा मात्र खरंच वैताग.

पहिल्या रात्री लावला तेव्हा आवाज इतका कमी की बायको किचनमधून बोलली ते नीट ऐकू आलं, आणि तरी डग्ग्याचा घुमारा जागेवर. मी खूश. सकाळी आई म्हणाली, "रात्री गाणं नव्हतं रे येत, नुसतं धुमधुम येऊन राहिलं होतं भिंतीतून."

ही भिंतीची भानगड. भिंत वरचे सूर अडवते, खालचे आरपार जातात, आणि लाउडनेस नेमका खालचेच राखून ठेवतो. म्हणजे जे मला हॉलमध्ये पूर्ण ऐकायचं होतं त्यातला बरोबर तेवढाच भाग आईच्या खोलीत पार्सल. मग स्पीकर आईच्या भिंतीपासून काढून गॅलरीच्या बाजूला घेतले, खाली जाड रबराचे तुकडे दिले, आणि नॉब शेवटपर्यंत न नेता निम्म्यावर थांबवला. निम्म्यावर म्हणजे डग्गा थोडा हलका, पण आहे. आईची तक्रार बंद झाली. तिचं म्हणणं, "मग आधीच तिकडे ठेवायचे होते ना."

उन्हाळ्यात हे सगळं निम्मं वाया जातं हेपण सांगून टाकतो. एप्रिल ते जून हॉलमध्ये कुलर. खसचा वास छान, पण पंख्याची घरघर आणि पंपाची गुरगुर सगळ्यात आधी खालचे सूरच खाते, तिथे लाउडनेस काय करणार बिचारा. तेव्हा आवाज मोठाच ठेवावा लागतो, आणि मोठ्या आवाजात लाउडनेस लागतच नाही. मरांट्झ असता तरी तेच वाजलं असतं. माझ्यासारख्याला या नॉबचा खरा सीझन दिवाळी ते होळी, रात्री रस्ता शांत, कुलर गच्चीवर झाकलेला.

आणि गरमी. २०१३ च्या मे महिन्यात नागपुरात ४७.९ झालं होतं, दरवर्षी तितकं नसतं पण ४५ तर ठरलेलं. क्लास एबी अ‍ॅम्प नुसता चालू असला तरी गरम राहतो, त्यात खोलीच ३८ ची. यामाहाची पुस्तिका वरून ३० सेंटीमीटर आणि बाजूंनी २० मोकळे ठेवा म्हणते, आमच्या शोकेसच्या कप्प्यात तेवढी जागा कुठली. शोकेसमधून बाहेर काढला, एका सागवानी स्टुलावर ठेवला. कुलरच्या थेट झोतात मात्र ठेवू नका, ती हवा दमट असते. बायकोला स्टूल आवडलं नाही. यावर अजून तोडगा निघालेला नाही.

तर कोणी घ्यायच्या विचारात असेल त्याला माझं म्हणणं असं, तुम्ही रात्री हळू ऐकत असाल, स्पीकर बरे असतील, शेजारी पातळ भिंतीपलीकडे नसतील, तर हा नॉब बघाच. दिवसा मोठ्याने ऐकणाऱ्याने नुसता ब्रँड बदलून पैसे घालवू नये, त्या पैशात स्पीकर बदलावे, तिथे फरक कानाला लगेच कळतो. इथे नागपुरात दोन ब्रँड शेजारी ठेवून ऐकायला मिळणं कठीणच, तेव्हा कोणाच्या घरी जाऊन ऐका. जाताना मीटर घेऊन जा, लोक हसतात, हसू द्या.

मरांट्झ त्या धरमपेठवाल्या मित्रानेच घेतला, ऑफिसमध्ये लावलाय. दुसऱ्याच दिवशी त्याचा फोन, "हे लाउडनेसचं बटण दाबू का नको?" विचारलं, ऑफिसात ऐकतो किती मोठ्याने? म्हणे, "साहेब नसतात तेव्हा फुल." म्हटलं मग राहू दे बंद.