ओटीपी कुणाच्या फोनवर येतो?

म्हापशाच्या दुकानदाराचा फोन आला तेव्हा मी काजूची पाकळी आणि अख्खा गर वेगळा करत बसले होते. "वहिनी, तुमची दोन बिलं आमच्या पोर्टलवरच्या खरेदीच्या यादीत, टू-बीत, दिसत नाहीत. जीएसटीचे पैसे धरून ठेवतोय हां." दोन्ही बिलांचे फोटो मी करसल्लागाराला कधीच पाठवले होते. पण माझं जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीच्या बिलांचं रिटर्न, भरलं गेल्याशिवाय घेणाऱ्याला क्रेडिट, म्हणजे त्या जीएसटीची वजावट, दिसत नाही. म्हणजे ते भरलंच नव्हतं.

वेंगुर्ला तालुक्यात आमची छोटी काजू फॅक्टरी आहे. उलाढाल ४० लाखांच्या बरीच खाली. पण बांदा ओलांडून माल गोव्यात गेला की ती राज्याबाहेरची विक्री, तिथे ४० लाखांपर्यंत नोंदणी न घेण्याची सवलत चालत नाही, म्हणून नोंदणी घ्यावी लागली. तेव्हा सल्लागार निवडला तो ओळखीतला आणि फी कमी म्हणून. "तुम्ही काजू बघा, बाकी सगळं मी बघतो," म्हणाला. बघितलंही सगळंच: पोर्टलवर मोबाइल त्याचा, ईमेल त्याचा, पासवर्ड त्याचा. नोटिसा आल्या असतील त्या त्याच्याकडे. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "घराची चावी परक्याक कित्याक दिलंस गो?"

तो फोन उचलेना. शेवटी दुसऱ्या एका फॅक्टरीवाल्याने वाट दाखवली: जीएसटी कार्यालयात अर्ज आणि कागदपत्रं दिली की अधिकारी मोबाइल-ईमेल बदलून देतात. तसंच केलं. हातात पासवर्ड आल्यावर कळलं, पावसाळ्यातल्या महिन्यांची रिटर्नंसुद्धा राहिली होती. विक्री शून्य असली तरी रिटर्न भरावं लागतं आणि उशिराला दिवसाला २० रुपये लागतात, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

मग नवा माणूस शोधायला निघाले. पहिल्या ऑफिसात साहेब भेटलेच नाहीत, शिकाऊ मुलाने फीचा कागद पुढे केला. दुसऱ्याने काही न विचारता "टॅक्स लागूच देत नाही" असं सांगितलं. त्याच्याकडचा चहा तेवढा छान होता.

तिसऱ्या कुडाळच्या सीए मॅडम. फीचं बोलणं सोडून त्यांनी विचारलं, "काजू बी कुणाकडून घेता?" म्हटलं, गावातल्या शेतकऱ्यांकडून. "मग आरसीएम भरता का?" मी गप्प. आरसीएम म्हणजे रिव्हर्स चार्ज: नोंदणी असलेल्याने शेतकऱ्याकडून सालासकट काजू बी घेतली, तर ५ टक्के जीएसटी घेणाऱ्यानेच भरायचा असतो, तोही जमा क्रेडिटमधून न वळवता पैसे भरून, आणि मग त्याचं क्रेडिट घ्यायचं. आम्ही एक पैसा भरला नव्हता. वर १८ टक्क्यांनी व्याज.

पुढचा प्रश्न: "स्वतःची बाग आहे? सातबारा कुणाच्या नावावर?" आमची वेंगुर्ला-४ जातीची काजूची झाडं सासऱ्यांच्या, आबांच्या, नावावर. त्यावर त्यांनी वहीच्या मागच्या पानावर आकडे मांडून दाखवले. बागवाल्याने आपलीच बी आपल्याच फॅक्टरीत घातली, तर इन्कम टॅक्सच्या हिशेबात तिचा बाजारभाव हे शेतीचं उत्पन्न, त्याच्या वरचा नफा धंद्याचा. आमच्यात बाग आबांची, फॅक्टरी माझी, म्हणून आबांकडून बी घेतल्याची रीतसर नोंद हवी. त्या दिवशीचा भाव लिहून ठेवायचा. आजवर बागेतली पोती आम्ही हिशेबात धरलीच नव्हती.

एवढं ऐकल्यावर मी ठरवूनच टाकलं. तरी घरी येऊन त्यांचा सदस्य क्रमांक सीएंच्या संस्थेच्या वेबसाइटवर पाहिला आणि त्यांच्याकडे जाणाऱ्या एका आंबावाल्याला फोन केला. तो म्हणाला, "ओरडतात, पण तारीख चुकवत नाहीत." फी आधीपेक्षा दुप्पट आहे. मोबाइल-ईमेल माझाच राहणार आणि भरलेल्या प्रत्येक रिटर्नची प्रत मला मिळणार, हे मी फीच्या कागदावरच लिहून घेतलं. मॅडम हसल्या. "लिहायची गरज नव्हती," म्हणाल्या, पण लिहिलं.

थकलेली रिटर्नं भरल्यावर म्हापशाचे पैसे सुटले. आता महिन्याच्या ११ आणि २० तारखेच्या आगेमागे ओटीपी माझ्या फोनवर येतो. कटिंग चालू असेल तर हातमोजे तेलाने माखलेले असतात, फोन सासूबाईंच्या हातात असतो. मॅडम पलीकडे दुसऱ्या फोनवर थांबलेल्या, आणि सासूबाई "आधी सांग, कसलो नंबर ह्यो?" असं विचारल्याशिवाय एक आकडा सांगत नाहीत.